विश्लेषण : अमेरिकेचा ‘नायक’ शेरिफच पत्नीचा मारेकरी? ५८ वर्षांनी काय समोर आले?

हातात जाड लाकडी दंडुका घेऊन दारू आणि जुगाराच्या टोळ्यांना एकट्याने भिडणारा शेरिफ, अशी ब्युफर्ड पुसर यांची ख्याती. त्यांच्यावर हॉलिवूडने चित्रपट काढले, त्यांच्या घराचे संग्रहालय झाले. टोळीच्या गोळीबारात पत्नी पॉलिन यांचा मृत्यू ही या कहाणीतील सर्वांत करुण घटना. मात्र पॉलिन यांची हत्या टोळीने नव्हे, तर खुद्द पुसर यांनीच केली असावी, असा निष्कर्ष टेनेसी राज्याच्या तपास यंत्रणांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला.

अमेरिकेतील शेरिफ म्हणजे कोण?

‘शेरिफ’ म्हटले की मुंबईकरांना नगरपाल आठवतात. दिलीपकुमार, सुनील गावस्कर यांनी भूषवलेले हे पद मानाचे, पण प्रत्यक्ष अधिकार नसलेले. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे राज्याची विभागणी कौंटींमध्ये होते आणि बहुतेक राज्यांत कौंटीचा शेरिफ थेट मतदार निवडतात. देशभरात असे सुमारे तीन हजार शेरिफ आहेत. ग्रामीण भागात गुन्ह्यांचा तपास, अटक, कौंटीचा तुरुंग, न्यायालयाचे समन्स बजावणे, अशी बरीचशी कामे याच कार्यालयाकडे असतात. आपल्याकडे पोलीस अधीक्षकाची नेमणूक आणि बदली सरकार करते, तुरुंगाचा विभागही वेगळा असतो. शेरिफला मात्र मुख्यतः मतदारांनाच उत्तर द्यावे लागते.

पुसर यांची कारकीर्द कशी होती?

पुसर यांचा जन्म १९३७ चा. साडेसहा फूट उंचीचे पुसर काही काळ शिकागोत कुस्तीच्या आखाड्यात उतरत. गावी, अ‍ॅडम्सव्हिलला परतल्यावर ते तेथील पोलीसप्रमुख झाले. १९६४ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी ते मॅकनेरी कौंटीचे शेरिफ म्हणून निवडून आले. टेनेसी आणि मिसिसिपी यांच्या सीमेवर तेव्हा अवैध दारू, जुगार आणि वेश्याव्यवसायाचे अड्डे होते. हे अड्डे चालवणारी टोळी ‘स्टेट लाइन मॉब’ म्हणून ओळखली जाई. पुसर यांनी दारूभट्ट्या फोडल्या, अड्ड्यांवर धाडी घातल्या. १९६६ मध्ये त्यांच्या गोळीने सीमेवरील एका मोटेलची मालकीण ठार झाली. तो स्वसंरक्षणाचा प्रकार ठरला.

१२ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे काय घडले?

पुसर यांच्या जबाबानुसार, तंटा झाल्याचा फोन आल्याने ते पहाटे निघाले आणि पॉलिनही सोबत आल्या. वाटेत दुसऱ्या मोटारीतून त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात ३३ वर्षांच्या पॉलिन, तीन मुलांची आई, ठार झाल्या, तर पुसर यांच्या जबड्याच्या चिंधड्या उडाल्या. टोळीने सूड उगवला, असे पुसर सांगत राहिले. मात्र या हत्येसाठी कोणावरही खटला चालला नाही.

या घटनेने पुसर देशभर पोहोचले. सलग तीनपेक्षा जास्त कार्यकाळ घेता येत नसल्याने १९७० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १९७२ ची निवडणूक ते हरले. पण १९७३ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘वॉकिंग टॉल’ हा चित्रपट तुफान चालला. पुढील भागात ते स्वतःच भूमिका करणार होते. २१ ऑगस्ट १९७४ रोजी तशी घोषणा झाली आणि त्याच रात्री मोटार अपघातात ३६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. २००४ मध्ये ड्वेन जॉन्सनला घेऊन ‘वॉकिंग टॉल’ पुन्हा काढण्यात आला.

नव्या तपासात काय आढळले?

टेनेसी ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनने (टीबीआय) २०२२ मध्ये ही जुनी फाइल पुन्हा उघडली. १९६७ मध्ये पॉलिन यांचे शवविच्छेदनच झाले नव्हते. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये मृतदेह उकरून ते करण्यात आले. तपासातील मुख्य मुद्दे असे :

• पॉलिन यांच्या डोक्यावरील जखमा आणि मोटारीच्या आतील छायाचित्रे यांचा मेळ बसत नाही.

• मोटारीच्या बॉनेटवर बाहेरून रक्ताचे शिंतोडे होते. त्यामुळे पॉलिन यांना मोटारीबाहेर गोळी घालून नंतर आत ठेवले असण्याची शक्यता अधिक.

• पुसर यांच्या गालावरील जखम लांबून झाडलेल्या गोळीची नव्हे, तर बंदूक अगदी जवळ धरून झाडलेल्या गोळीची दिसते. ती त्यांनी स्वतःच करून घेतली असावी.

• पॉलिन यांच्या नाकाचे हाड पूर्वी मोडून भरून आले होते. तपासकर्त्यांनी याकडे कौटुंबिक हिंसाचाराची खूण म्हणून पाहिले.

तेव्हाच हे का कळले नाही?

बंदुकीची नळी किती अंतरावर होती, रक्त कोणत्या दिशेने उडाले, हे प्रश्न १९६७ मध्येही विचारता आले असते. पण मूळ प्रकरण मुख्यत्वे पुसर यांच्याच जबाबावर उभे राहिले आणि लवकर आटोपले. एरवी पत्नीची हत्या झाली की पतीचा जबाबही पारखून घेतला जातो. येथे पती कौंटीचा सर्वोच्च पोलीस अधिकारी होता, स्वतः जबर जखमी होता आणि टोळीशी त्याचे वैर साऱ्यांना ठाऊक होते. निवडून आलेल्या शेरिफचा हिशेब मतदार मतपेटीतून मागतात. मोटारीवरील रक्ताच्या डागांचा हिशेब मागायला मात्र स्वतंत्र तपास यंत्रणा आणि शवविच्छेदनच लागते. नंतर चित्रपटांनी पुसर यांची कहाणी इतकी पक्की केली की, शंका घेणे म्हणजे नायकाचा अपमान ठरू लागले.

आता पुढे काय?

पुसर हयात असते तर त्यांच्यावर पत्नीच्या हत्येचा आरोप ठेवण्यासाठी ‘ग्रँड ज्युरी’समोर जाण्याइतके पुरावे आहेत, असे जिल्हा सरकारी वकिलांनी स्पष्ट केले. मात्र मृत व्यक्तीवर खटला चालत नाही. त्यामुळे हे पुरावे न्यायालयात तपासले जाणार नाहीत आणि पुसर यांना कायद्याने ‘दोषी’ म्हणता येणार नाही. बदलली आहे ती पॉलिन यांची नोंद. पाच दशके त्या शेरिफच्या शौर्यकथेतील एक दुःखद प्रसंग होत्या. आता टीबीआयच्या हजारहून अधिक पानांच्या फाइलमध्ये प्रथमच त्यांच्या मृत्यूचा तपास त्यांच्या बाजूने झालेला दिसतो.