पासवर्ड बरोबर, तरी आत जाता येईना: लिनक्स मशीन नेमकं कुठे अडतं?

रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि लॅबमधल्या सामायिक वर्कस्टेशनवर लॉगिन होत नव्हतं. पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा लॉगिनचीच स्क्रीन समोर. चार वेळा तेच. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, रीस्टार्ट मारू का?" आणि त्याचं बोट पॉवरच्या बटणाकडे गेलंसुद्धा.

मी जवळजवळ ओरडलेच त्याच्यावर. त्या मशीनवर आमच्या एका सिनिअरचं सिम्युलेशन चालू होतं, आणि तो त्याचा 19वा दिवस होता. धातूच्या पृष्ठभागावर अणू कसे सरकतात याचं मॉन्टे कार्लो पद्धतीने केलेलं गणित. कोड तिनेच लिहिलेला, आणि त्यात अधूनमधून स्थिती साठवून ठेवायची सोय नव्हती. (हो, असायला हवी होती. थिसिसच्या घाईत लिहिलेल्या कोडमध्ये काय काय नसतं, त्यावर वेगळा लेख होईल.) बटण दाबलं असतं तर 19 दिवस शून्यावर.

आमच्याकडे लिनक्स मशीन रुसलं की दोनच उपाय ठरलेले: रीस्टार्ट, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पेनड्राइव्ह लावून सगळं नव्याने इन्स्टॉल. दोन्हींमध्ये पुरावा पुसला जातो. "मशीन चालत नाही" ही एकच तक्रार आपण करतो, पण त्यामागे सहा-सात वेगळ्या पायऱ्या असतात आणि बहुतेक वेळा त्यातली एकच मोडलेली असते. ती कोणती ते आधी शोधायचं. आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं वापरा.

क्रम साधारण असा. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रब नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला बोलावतं, ग्रब लिनक्सचं कर्नल मेमरीत आणतो. कर्नलसोबत एक तात्पुरती छोटी फाइलसिस्टिम येते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. खरी डिस्क शोधून जोडणं हे तिचं काम. मग येतं सिस्टिमडी, प्रोसेस क्रमांक 1. पूर्वी हे काम शेल स्क्रिप्ट्सची एक साखळी करायची. सिस्टिमडी 2010 मध्ये आलं, आणि 2015 मध्ये डेबियन 8 व उबुंटू 15.04 पासून या दोन्हींमध्येही तेच रूढ झालं. ते बाकीच्या सेवा सुरू करतं: नेटवर्क, एसएसएच, आणि सगळ्यात शेवटी लॉगिनची चित्रमय स्क्रीन दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर. पासवर्ड पटला की तो तुमच्या नावाने डेस्कटॉपचं सेशन सुरू करतो.

आता आमच्या मशीनकडे पाहा. लॉगिन स्क्रीन दिसतेय, म्हणजे कर्नल, डिस्क, सिस्टिमडी, डिस्प्ले मॅनेजर सगळं ठीक. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. तो आला नाही, म्हणजे पासवर्डही पटला. मोडलं ते फक्त शेवटचं पाऊल: सेशन सुरू होतंय आणि लगेच मरतंय. मशीन जिवंत आहे आणि सिम्युलेशनही बहुधा चालू आहे. कॅप्स लॉक दाबून पाहिलं, कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला. साधी चाचणी आहे, पण कर्नल पूर्ण गोठलं असेल तर तो दिवा हलत नाही.

(संदेश "पासवर्ड चुकीचा" असाच आला असता तर आधी कोपऱ्यातला कीबोर्डचा लेआउट पाहिला असता. आमच्याकडे मराठी टाइप करणाऱ्या एकाने इनस्क्रिप्ट लेआउट तसाच ठेवला की पुढच्याचा पासवर्ड देवनागरीत उमटतो, आणि तिथे तर फक्त ठिपके दिसतात. एका दुपारी तासभर यात घालवलाय मी.)

चित्रमय लॉगिन अडलं तरी लिनक्समध्ये साध्या अक्षरांचे वेगळे टर्मिनल मागे तयार असतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबलं. काळ्या स्क्रीनवर लॉगिनची ओळ आली, नाव-पासवर्ड टाकला आणि आत गेले. टॉप ही आज्ञा दिली, तर सिनिअरचा प्रोग्रॅम यादीत सगळ्यात वर, सीपीयू 100 टक्के. माझा जीव भांड्यात पडला.

मग डीएफ, डॅश एच सह. मूळ विभाजन 100 टक्के भरलेलं, मोकळी जागा शून्य. सेशन का मरतं ते इथे कळलं. डेस्कटॉप सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमध्ये आणि तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये बऱ्याच लहानसहान फाइली लिहायच्या असतात. जागाच नाही, लिहिता येत नाही, सेशन संपतं, डिस्प्ले मॅनेजर मुकाट्याने पुन्हा लॉगिन दाखवतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही आलात आणि लॉगआउट केलंत.

डिस्क इतकी तुडुंब भरूनही मशीन पूर्ण कोसळलं कसं नाही? एक्सटी4 फाइलसिस्टिम बनवताना मूळ सेटिंगनुसार 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. आमचं विभाजन सुमारे 500 जीबीचं, म्हणजे जवळपास 25 जीबी साध्या यूजरला मिळतच नाही. बाकीच्यांना डिस्क भरलेली दिसते तेव्हाही रूटच्या नावाने चालणाऱ्या सेवा नोंदी लिहू शकतात, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला हात हलवायला जागा उरते. घरात एक नोट वेगळ्या डब्यात ठेवावी तसं. सिनिअरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर जात होता म्हणून तिचं काम अडलं नव्हतं.

जागा कुणी खाल्ली? डीयू आज्ञेने एकेक फोल्डर तपासत गेले आणि चोर सापडला तो माझ्याच होम फोल्डरमध्ये. तीन दिवसांपूर्वी मी एक प्रोग्रॅम तपासासाठीच्या छपाईसकट सोडून दिला होता, प्रत्येक पावलाला एक ओळ. फाइल 300 जीबीच्या पुढे गेलेली. बाजूला तो मुलगा उभा होता आणि मी काही बोलले नाही.

फाइल आरएमने पुसली. पुन्हा डीएफ. अजूनही 100 टक्के!

लिनक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे फक्त तिचं नाव यादीतून काढणं. एखाद्या प्रोसेसने ती उघडून ठेवली असेल तर तिने घेतलेली जागा ती प्रोसेस फाइल सोडेपर्यंत मोकळी होत नाही. माझा प्रोग्रॅम अजून चालूच होता. तो सीमध्ये आहे, आणि सीमधलं प्रिंटएफ जागा संपली तरी स्वतःहून आरडाओरड करत नाही. परत आलेला आकडा आपण तपासायचा असतो, मी तपासत नव्हते. त्यामुळे डिस्क भरल्यावरही तो निवांत "लिहीत" होता. नाव नसलेल्या अशा फाइली एलएसओएफ ही आज्ञा दाखवते, अधिक एल1 हा पर्याय देऊन. तिने माझ्याच प्रोसेसचा क्रमांक दिला. ती मारली, आणि त्या क्षणी 300 जीबी मोकळे. प्रोसेस मारता येण्यासारखी नसती, म्हणजे ती सिनिअरची असती, तर फाइल पुसण्याऐवजी ट्रंकेट आज्ञेने शून्य लांबीची करायला हवी होती. तशाने प्रोसेस जिवंत राहते आणि जागाही सुटते.

सिनिअरचं रन 22व्या दिवशी पहाटे संपलं. तिला हे सगळं मी रन संपल्यावरच सांगितलं.

पुन्हा पुन्हा लॉगिनवर आणून सोडणारा हा दोष दरवेळी डिस्कचाच असतो असं नाही. कधी डीएफ भरपूर जागा दाखवतो, पण डॅश आय दिल्यावर कळतं की आयनोड संपलेत. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि लाखो चिमुकल्या फाइली करणारे प्रोग्रॅम आपल्याकडे कमी नाहीत. कधी सुडो लावून एखादा चित्रमय प्रोग्रॅम चालवल्यामुळे होममधल्या एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे जाते. ती चाऊनने परत घ्यावी लागते. कधी प्रोफाइल फाइलमध्ये आपणच घातलेली एखादी ओळ सेशनला मधूनच बाहेर काढते. दोष मशीनचा की माझ्या होम फोल्डरचा, हे ठरवायला एक नवा यूजर बनवायचा आणि त्याने लॉगिन करून पाहायचं. तो आत गेला तर मशीन निर्दोष. प्रयोगशाळेत आपण कंट्रोल सॅम्पल ठेवतो, तेच हे.

दुसरा प्रसंग महिन्याभराने. इमारतीची वीज गेली, यूपीएसने मान टाकली, आणि सुरू करताना मशीन दीड मिनिट अडून "इमर्जन्सी मोड"मध्ये जाऊन बसलं. हे शब्द भीतिदायक आहेत, पण इथेही कर्नल आणि सिस्टिमडी दोन्ही चालू असतात. अडण्याचा वेळच पुरावा होता: सिस्टिमडी एखाद्या डिस्कची वाट पाहताना मूळ सेटिंगनुसार 90 सेकंद थांबतं. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे एका बाहेरच्या हार्डडिस्कची ओळ होती, आणि ती हार्डडिस्क कुणीतरी कपाटात ठेवून दिली होती. ओळीवर "ही नसली तरी चालेल" असं लिहिलेलं नसेल, तर सिस्टिमडी तिला अत्यावश्यक धरतं. त्या ओळीत नोफेल हा एक शब्द घातला आणि काम झालं. रूटचा पासवर्ड माहीत नसेल तर इन्स्टॉलवाल्या त्याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये मशीन सुरू करायचं, डिस्क जोडायची आणि ती फाइल दुरुस्त करायची. सगळं पुसण्यासाठी आणलेला पेनड्राइव्ह असा वाचवायलाही येतो. एफएसटॅब बदलल्यावर रीस्टार्टच्या आधी फाइंडएमएनटी आज्ञा व्हेरिफाय पर्यायासह चालवा. चुका आधीच सांगते.

त्याच्याही आधी अडलं, म्हणजे बिझीबॉक्सचा काळा प्रॉम्प्ट आला, तर इनिटरॅमएफएसला खरी डिस्क सापडली नाही किंवा ती तपासून घ्यायला हवी असं समजा. बऱ्याचदा एफएससीके चालवून भागतं. डिस्कवर मोलाचा डेटा असेल तर आधी प्रत काढा. आणि अपडेटनंतर नुसती काळी स्क्रीन येत असेल, विशेषतः एनव्हीडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर, तर ग्रबच्या यादीतून जुनं कर्नल निवडून पाहा. त्याने चाललं तर बहुधा नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर नीट बनलेला नाही.

सेवांचं दुखणं वेगळं. आमचं ज्युपिटर सर्व्हर मशीनसोबत आपोआप सुरू व्हायचं, ते एका सोमवारी बंद. सिस्टिमसीटीएल, पुढे डॅश डॅश फेल्ड: लाल अक्षरात त्याचं नाव. स्टेटस विचारल्यावर पहिल्यांदा नजरेत भरलं ते "फार वेळा सुरू करायचा प्रयत्न झाला" अशा अर्थाचं वाक्य. नवखा माणूस इथे फसतो, कारण हे कारण नाहीच. सेवा पडली की पुन्हा सुरू कर असं सांगून ठेवलेलं असतं, पण मूळ सेटिंगनुसार 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी नाद सोडतं. खरी चूक पहिल्या पडण्याच्या वेळची. ती पाहायला जर्नलसीटीएल, डॅश यू आणि सेवेचं नाव, आणि मग वर सरकत जायचं.

तिथे 203 हा आकडा मिळाला. सिस्टिमडीचे हे आकडे पाठ करण्यासारखे आहेत: 203 म्हणजे प्रोग्रॅमच चालवता आला नाही, बहुधा त्या जागी नाही किंवा चालवण्याची परवानगी नाही, 200 म्हणजे कामाच्या फोल्डरमध्ये जाता आलं नाही, 217 म्हणजे ज्या यूजरच्या नावाने चालवायचं तो सापडला नाही. आमच्याकडे कुणीतरी पायथनचं एन्व्हायर्न्मेंट दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं होतं. "पण हाताने तर चालतंय!" असं तो प्रोजेक्टवाला मुलगा म्हणाला, आणि ते खरंच चालत होतं. कारण हाताने चालवताना तुमचा शेल आधी बॅशआरसी फाइल वाचतो आणि नवी वाट त्यात लिहिलेली असते. सिस्टिमडी ती फाइल वाचत नाही. त्याला सेवेच्या फाइलमध्ये दिलेली जुनी वाटच ठाऊक. ती बदलली, डीमन-रीलोड दिलं, सेवा सुरू.

एक गोष्ट मात्र आजच तपासून ठेवा. जर्नलसीटीएलला डॅश बी आणि उणे 1 दिलं की मागच्या वेळी मशीन चालू असतानाच्या नोंदी दिसतात. रात्री मशीन का पडलं हे सकाळी कळण्याचा हा सरळ मार्ग. पण सिस्टिमडीच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये मूळ सेटिंगवर या नोंदी टिकतात त्या व्हार, लॉग यांच्या आत जर्नल नावाचं फोल्डर असेल तरच. नसेल तर त्या मेमरीत राहतात आणि रीस्टार्टसोबत जातात. लॅबच्या दुसऱ्या, जुन्या मशीनवर मी काल पाहिलं. फोल्डर नव्हतं. बनवून ठेवलंय.