भुईनळ्यावर वाकू नका

साधा भुईनळा घ्या. मातीचा कोन, आत सोरा, गंधक, कोळसा आणि धातूचा भुगा ठासून भरलेला, वर वात. जळायला लागणारा प्राणवायू सोऱ्यातूनच मिळतो, त्यामुळे ही दारू कोंडलेल्या जागीही जळते आणि तयार होणारा वायू बाहेरची वाट शोधतो. तोंड मोकळं असलं की ठिणग्यांचं झाड उभं राहतं. कोनाला तडा गेला असेल किंवा वरचं तोंड चोंदलं असेल, तर तोच भुईनळा बॉम्बसारखा फुटतो, आणि पेटवणारा नेमका त्याच्यावर वाकलेला असतो. म्हणून लांब उदबत्ती घ्यावी, हात पुढे आणि तोंड बाजूला ठेवावं, वातीने पेट घेतला की मागे सरावं. फुसका निघाला तर पुन्हा काडी लावायला जाऊ नये. अर्धा तास जाऊ द्यावा, मग लांबूनच त्यावर बादलीभर पाणी ओतावं.

रॉकेटची काडी त्याला सरळ ठेवते. पण बाटली लवंडली की ते जमिनीलगत आडवं सुटतं. नाशिकच्या भद्रकाली, पंचवटीतल्या अरुंद गल्ल्यांत, लाकडी वाड्यांच्या शेजारी रॉकेट लावूच नये, असं माझं मत. निफाडकडच्या वस्त्यांवर कांदाचाळ आणि मक्याचा वाळला चारा तितकाच जपावा लागतो.

फुलबाजीला आपण उगाच गरीब समजतो. तिच्या ठिणग्या हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापतात आणि विझलेली तारही चटका देते. ती अंगणात टाकली की कुणाच्या तरी अनवाणी पायाखाली येणारच, तेव्हा थेट पाण्याच्या बादलीत टाकावी.

गांधीनगरला किंवा रामकुंडावर रावणदहन पाहताना पुतळ्यात भरलेले फटाके कुठल्याही बाजूला उडू शकतात, हे लक्षात ठेवा. वारा आपल्या पाठीवर यावा अशी जागा धरा आणि कठड्याच्या आत मोबाइल घेऊन घुसू नका. आकाशात फुटणाऱ्या गोळ्यांसाठी अमेरिकेत ढोबळ नियम आहे: गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे सत्तर फूट अंतर. आपल्याकडे दोरी बांधतानाही तो वापरायला हरकत नसावी. न फुटलेला गोळा दुसऱ्या दिवशी मैदानात सापडला तर पोरांना हात लावू देऊ नका.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हरित फटाक्यांचा आग्रह धरला, आणि नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने ते विकसित केले. त्यांचा धूर कमी असतो, चटका नाही. रात्री दहानंतर आवाजाचे फटाके वाजवायला बंदी आहे, ती 2005 पासूनच.

भाजलंच तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढाव्यात आणि तो भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांतलं काही लावू नये. डोळ्याला मार लागला तर चोळू नये, दाबू नये, धुऊही नये. वर कागदी पेला हलकेच अडकवून थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावं. रुग्णवाहिकेसाठी 108, आगीसाठी 101.