पाजणे, ठसवणे, रुजवणे

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. धाकट्याच्या शाळेतून पालकांसाठी एक छोटा फॉर्म आला होता. प्रश्न साधाच होता : घरी तुम्ही मुलांना कोणती मूल्ये देता? मी लिहायला घेतलं, 'वुई इन्कल्केट...' आणि पुढे आदर, प्रामाणिकपणा, काटकसर अशी यादी. सेकंडरी थ्रीमधली लेक खांद्यावरून डोकावून वाचत होती. म्हणाली, "आई, इन्कल्केट नको, इन्स्टिल लिही. इन्कल्केट म्हणजे डोक्यात हाणल्यासारखं वाटतं." मी हसले. मग ती सहज म्हणाली, "तसं आपल्याकडे कधीकधी इन्डॉक्ट्रिनेटच चालतं ना?" माझं हसू तिथेच थांबलं.

कारण मला माहीत होतं. आदल्याच रविवारी घरी पाहुणे आले होते. "काका-काकूंच्या पाया पड," म्हटल्यावर तिने सर्वांसमोर विचारलं होतं, "का?" मी डोळे वटारले. ती वाकली, पण माझ्याकडे न बघता. रात्री पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "आपल्यात पडतात." एवढंच उत्तर माझ्याकडे होतं.

त्या रात्री मी शब्दकोश उघडून बसले.

टाच, थेंब आणि रंग

इंग्रजीतले हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण प्रत्येकाच्या पोटात वेगळं चित्र आहे. इन्कल्केटच्या मुळाशी लॅटिनमधली टाच आहे. माती पायाखाली तुडवून घट्ट करावी तसं पुन्हा पुन्हा सांगून पक्कं करायचं. इन्स्टिलच्या मुळाशी आहे थेंब. महादेवाच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र आठवा. न बोलता, न थांबता चाललेली संथ धार. इम्ब्यू म्हणजे भिजवणं, कापड रंगात बुडवावं तसं. इनग्रेनसुद्धा रंगाऱ्याच्याच घरचा. जुन्या काळी किड्यांपासून काढलेला एक पक्का लाल रंग होता, तो दाण्यांसारखा दिसे म्हणून त्याला 'ग्रेन' म्हणत. धुऊन न जाणारा, तो इनग्रेन.

आणि इन्डॉक्ट्रिनेट? त्याचा मूळ अर्थ निव्वळ शिकवणं. विसाव्या शतकात मात्र तो बदनाम झाला. आता त्याचा अर्थ प्रश्नाला जागा न ठेवता शिकवणं.

मुलांना व्याकरणातला एक फरक जरूर सांगावा. इन्स्टिल आणि इन्कल्केट करतो ते मूल्य, माणसाच्या आत. इम्ब्यू आणि इन्डॉक्ट्रिनेट करतो ते माणसाला. म्हणून 'इन्स्टिल ऑनेस्टी इन अ चाइल्ड', पण 'इम्ब्यू अ चाइल्ड विथ ऑनेस्टी'. परीक्षेत इथे हमखास मार्क जातात.

आपलं शब्दभांडार

मग वाटलं, मराठीत काय आहे? लिहायला बसले आणि पान भरलं. बाळकडू पाजणे : कडू असतं, आणि पिणाऱ्याला कोणी विचारत नाही. वळण लावणे, गिरवून घेणे : दोन्ही पाटी-पेन्सिलीच्या जगातले. ठसवणे म्हणजे शिक्का उमटवणे. बिंबवणे म्हणजे प्रतिमा उतरवणे. भिनवणे, मुरवणे, रुजवणे. शिवाय पढवणे, ज्याच्यासोबत पोपट येतोच. गळी उतरवणे आणि माथी मारणे तर सांगायलाच नको. आपल्याकडे इन्डॉक्ट्रिनेटला शब्द नाही असं कोण म्हणेल?

पण या यादीत एक गंमत दिसली. ठसणे-ठसवणे, बिंबणे-बिंबवणे, भिनणे-भिनवणे, मुरणे-मुरवणे, रुजणे-रुजवणे. आधी गोष्ट आपली आपण घडते. आईबापांचा वाटा त्यात फक्त एका 'व'चा. इंग्रजीत इन्स्टिल करायला कोणीतरी कर्ता लागतोच. मराठीत बी रुजतं, लोणचं मुरतं. आपण बरणी उन्हात ठेवायची आणि झाकण सारखं उघडायचं नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातला अंघोळीचा प्रसंग आमच्या पिढीला पाठ आहे. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई पदर पसरते. पायांना जपतोस तसं मनालाही जप, हे ती सांगते खरं, पण पदर पसरून झाल्यावर. मी आधी डोळे वटारले होते, आणि पदर तर पसरलाच नव्हता.

सिंगापूरचा अनुभव

आपण राहतो त्या देशानेही हे सगळे शब्द करून पाहिले आहेत. १९८४ मध्ये इथल्या माध्यमिक शाळांत धर्मशिक्षण हा विषय सक्तीचा झाला. बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम, हिंदू, शीख किंवा कन्फ्यूशियसचं नीतिशास्त्र, यांपैकी एक निवडायचं. काही वर्षांतच, धर्माधर्मांत अंतर वाढेल या काळजीने, ही सक्ती काढण्यात आली. १९९१ मध्ये सरकारने पाच 'शेअर्ड व्हॅल्यूज' मांडली. आज शाळेत चारित्र्य आणि नागरिकत्वाचा स्वतंत्र विषय आहे.

हॉकर सेंटरमधला ट्रे हे तर ताजं उदाहरण. कित्येक वर्षं 'ट्रे परत ठेवा' अशा पाट्या होत्या, मोहिमा होत्या. शेवटी सप्टेंबर २०२१ पासून ताकीद आणि मग दंड आला. हे ठसवणं झालं. पण आता माझा धाकटा पुण्यातल्या उपाहारगृहातही ताट उचलून भांडी घासण्याच्या जागेकडे निघतो आणि वेटर गोंधळतो. तिथे दंड नाही, पाटी नाही. म्हणजे ठसवलेलंही कधीतरी मुरतं. इन्कल्केटला मी उगीच नावं ठेवणार नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इथल्या शाळांत तमिळ आहे, तसंच हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दूही मातृभाषा म्हणून घेता येतात, मराठी नाही. त्यामुळे 'रुजणे' आणि 'मुरणे' हे शब्द मुलांच्या कानावर पडले तर घरीच, नाहीतर मंडळाच्या कार्यक्रमात. शब्दच नसेल तर त्यातली सबुरी कुठून येणार?

पुन्हा तोच प्रश्न

फॉर्ममध्ये मी शेवटी 'इन्स्टिल' लिहिलं. लेकीला म्हणाले, "पाया का पडायचं ते मलाही नीट माहीत नाही. माझ्या आईने सांगितलं, मी पडले. पण आजोबा गेले त्या वर्षी दिवाळीत वाकायला समोर कोणी नव्हतं, तेव्हा हात रिकामे वाटले होते." ती काही बोलली नाही.

दिवाळीला तेच काका-काकू आले. तिने हात जोडून नमस्कार केला, हसून फराळाचं ताट पुढे केलं. मी डोळे वटारले नाहीत. जड गेलं, पण नाही. डिसेंबरात पुण्याला गेलो. दारात आजी उभी होती. लेकीने बॅग खाली ठेवली आणि कोणी काही म्हणायच्या आत वाकली. आजीने तिला अर्ध्यावरच धरून उठवलं.

"आता का पडलीस?" मी रात्री विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "वाटलं."