बशीत वाढणारा मज्जारज्जू
त्वचेच्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेत परत नेण्याची किमया जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदरांच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींवर साधली. अशा मूळपेशींना रेटिनॉइक ॲसिडसारखी रसायने ठरावीक क्रमाने दिली, की बशीत मज्जारज्जूच्या चेतापेशींचे मोहरीएवढे गोळे वाढतात. टोकियोच्या केयो विद्यापीठाने अशाच मूळपेशींपासून तयार केलेल्या चेतापेशींच्या पूर्वपेशी मज्जारज्जूला इजा झालेल्या चार रुग्णांना दिल्या. दोघांची हालचाल सुधारली. आशा खरी आहे, पण हा अजून प्रयोगच.

यवतमाळ जिल्ह्यात झाडावरून किंवा विहिरीत पडून मणका मोडलेल्याच्या घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीवर मूळपेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. कुणी लाखो रुपये मागितले, तर वावर विकण्याआधी चाचणीचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) नोंदणी क्रमांक मागा.