धमनीच्या आतली सोनोग्राफी

'सत्तर टक्के ब्लॉकेज आहे' असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांना वाटतं, कुणीतरी मोजपट्टी लावली असेल. बऱ्याचदा तो अनुभवी नजरेचा अंदाज असतो. अँजिओग्राफीत डाय सोडल्यावर दिसते ती फक्त रक्ताच्या वाटेची सावली, आणि दुखणं तर भिंतीत असतं. चरबी साचू लागली की धमनी आधी बाहेरच्या बाजूने फुगते आणि साठा साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नाही, हे शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं. तोवर रिपोर्ट 'नॉर्मल'!

म्हणून सोनोग्राफी थेट धमनीत न्यायची. रॉटरडॅमच्या निकोलस बोम यांनी १९७२ मध्येच कॅथेटरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, टोकाला ध्वनिलहरी सोडणारे ३२ स्फटिक गोलाकार बसवले होते, पण ते हृदयाच्या कप्प्यांसाठी. धमनीत जाणारा आजचा 'आयव्हस' (इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड) कॅथेटर जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. पोटाच्या सोनोग्राफीला २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी पुरतात, इथे २० ते ६० लागतात. अशा लहरी खोलवर जात नाहीत, पण इथे जायचं असतंच कुठे?

कॅथेटर मोटरने मागे ओढतात, बहुधा सेकंदाला अर्धा मिलिमीटर इतक्या सावकाश. पडद्यावर मधोमध त्याचं काळं वर्तुळ, भोवती रक्ताचे चुळबुळणारे करडे ठिपके, मग भिंतीचे थर. कॅल्शियम लख्ख पांढरं दिसतं आणि त्यामागे मिट्ट काळोख, कारण लहर तिथेच अडते. असं कॅल्शियम सगळीकडून वेढून बसलं असेल तर स्टेंट पुरता उघडत नाही. ते आधीच कळलेलं बरं. आयव्हसचा फायदा चीनमधल्या 'अल्टिमेट' चाचणीत दिसला; तिच्यात १,४४८ रुग्ण होते. स्टेंट बसवलेल्या धमनीमुळे वर्षभरात झटका, मृत्यू किंवा पुन्हा उपचार ही वेळ निव्वळ अँजिओग्राफीवर विसंबलेल्यांपैकी ५.४ टक्क्यांवर आली, आयव्हसवाल्यांपैकी २.९ टक्क्यांवर.

रक्त किती वाहतंय, हे मात्र चित्रावरून कळत नाही. त्यासाठी ०.३६ मिलिमीटर जाडीची डॉप्लर तार. रक्तपेशींवर आपटून परतणाऱ्या लहरीची वारंवारता जितकी बदलते, त्यावरून वेग निघतो. त्याला धमनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं की प्रवाह. मग अडेनोसिन देऊन वाहिन्या सैल करतात. एवढं करूनही वेग दुपटीला पोचला नाही, तर कुठेतरी अडलंय. मोठ्या धमनीत की सूक्ष्म वाहिन्यांत, ते ही तार एकटी सांगू शकत नाही. शिवाय तिचा स्वच्छ सिग्नल मिळवायला हात बसावा लागतो. त्यामुळे कॅथलॅबमध्ये आज दाब मोजणारी तारच जास्त वापरात आहे.