डोंगरवाटेवरील वीरगळ

सह्याद्रीच्या डोंगरवाटा चढतांना गांवाबाहेरच्या देवळाच्या आवारांत, वडाच्या पारावर अथवा शेताच्या बांधाला टेकलेले उभट कोरीव दगड आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. त्यांवर माणसें, गाई, घोडे व ढालतलवारी कोरलेल्या असतात. बहुतेक वाटसरू त्यांस एखाद्या पडक्या देवळाचे तुकडे समजून पुढें जातात. वस्तुतः तीं लढतां लढतां मेलेल्या माणसांचीं स्मारकें होत. त्यांस वीरगळ म्हणतात. कानडींत ‘कल्लु’ म्हणजे दगड. त्यावरून वीराचा दगड तो वीरगळ.

सातारा जिल्ह्यांत, वाई तालुक्यांत, किकली नांवाचें गांव आहे. चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले त्याच्या जवळच उभे आहेत. येथील भैरवनाथाच्या जुन्या दगडी देवळापाशीं इतके वीरगळ आहेत कीं, वीरगळांचें गांव म्हणूनच किकलीची ख्याति झाली आहे. वरच्या वर्गांतील मुलांना घेऊन किल्ल्यांकडे जातांना आम्ही तेथें थांबलों, तेव्हां त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता कीं, हें चित्र वाचावयाचें तरी कोठून?

वीरगळ खालून वर वाचावा. दगडाचे आडवे कप्पे पाडलेले असतात. बहुधा तीन किंवा चार. अगदीं खालच्या कप्प्यांत वीर मरून पडलेला दिसतो. त्याच्या वर लढाईचा प्रसंग असतो. कोणी पायीं, कोणी घोड्यावर, कोणाच्या हातीं वाटोळी ढाल, तर कोणाच्या हातीं धनुष्य. कधीं हे दोन्ही प्रसंग एकाच कप्प्यांत कोरलेले असतात. त्याच्या वरच्या कप्प्यांत अप्सरा वीराला स्वर्गीं नेतात, आणि सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला असतो. माथ्यावर कलश व बाजूंस चंद्रसूर्य असतात. आकाशांत चंद्रसूर्य आहेत तोंवर ह्याची कीर्ति राहो, असा त्यांचा अर्थ.

आतां खालच्या कप्प्याकडे पुनः पाहावें. पडलेल्या वीराच्या जवळ गाईंची रांग कोरलेली असेल, तर तो गांवचीं गुरें राखतांना मेला असें समजावें. राजाच्या युद्धांत पडलेल्यांचेहि वीरगळ आहेत. परंतु गुरांसाठीं प्राण देणाऱ्यांचे वीरगळ महाराष्ट्रांत जागोजाग सांपडतात. ह्याचें कारण त्या काळच्या संसारांत आहे. नांगर ओढावयास बैल, मोट ओढावयास बैल, शेतास शेणखत, मुलांस दूध. सारें घर गोठ्यावर उभें असे. लुटारूंनीं कळप हांकून नेला, तर पुढील पावसाळ्यांत शेत पडीकच राहावयाचें, आणि त्यामागून उपासमार यावयाची. महाभारताच्या विराटपर्वांतहि कौरवांनीं विराटाच्या गाई पळविल्याची कथा आहेच. आपण आजहि गोधन हा शब्द वापरतों, तो उगाच नव्हे.

चंदन व वंदन ह्यांच्यामधील खिंडींत उभें राहिलें म्हणजे ही गोष्ट डोळ्यांनींच पटते. खालीं उघडीं शेतें, आणि मागें डोंगराच्या सोंडा व घळी. गुरें एकदां डोंगराआड गेलीं कीं तीं परत मिळण्याची आशा थोडी. राजाचें सैन्य येईपर्यंत थांबण्यास वेळ नसे. ज्याच्या कानीं आधीं ओरड पडली, तोच काठी, भाला, हातीं येईल तें घेऊन धांवत असला पाहिजे.

वीरगळ केवळ डोंगरांतच आहेत असें नाहीं. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्हीं मारीत चाललेल्या गलबतांची लढाई कोरलेली आहे. कर्नाटकांतील आतकूर येथील दहाव्या शतकाच्या शिलालेखांत तर रानडुकराशीं झुंजून मेलेल्या ‘काळी’ नांवाच्या शिकारी कुत्र्याचें स्मरण केलें आहे! तो दगड आज बंगळूरच्या संग्रहालयांत आहे. ज्या दगडावर कोपरांत वांकविलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात दिसेल, तो मात्र सतीचा दगड होय.

ताम्रपटांत राजांचीं नांवें व दानें येतात. गुराख्याचें नांव येत नाहीं. आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर अक्षरहि नसतें. म्हणून त्या माणसाचा पेहराव, त्याचें शस्त्र व त्याच्या मरणाचें कारण सांगणारा साक्षीदार तो दगडच. तो आपल्या जागीं असला तरच कोणत्या गांवासाठीं हा माणूस मेला हें कळतें.

ह्या साक्षीदाराची स्थिति आज बरी नाहीं. एका गांवीं ओढ्याच्या कांठीं वीरगळ धुण्याचा दगड झालेला आम्हीं पाहिला. खालचीं चित्रें घांसून सपाट झालीं होतीं. केवळ चंद्रसूर्य ओळखूं येत होते. तेथील म्हातारीस विचारतां ती म्हणाली, “माझ्या सासूनंबी ह्याच दगडावर धुणं धुतलं, बाबा.” तिला दोष कसा द्यावा? तिला कोणीं कधीं सांगितलेंच नव्हतें. उलट अन्य कित्येक गांवीं लोक वीरगळास देव मानून शेंदूर लावतात. त्यानें रेषा बुजतात हें खरें, परंतु त्या भक्तीमुळेंच पुष्कळ दगड फुटण्यापासून वांचले, हेंहि विसरतां कामा नये.

विद्यार्थ्यांनो, सुटींत आपल्या गांवीं जाल तेव्हां देवळाचें आवार, पार आणि पाणवठा नीट पाहा. वीरगळ आढळल्यास तो हलवूं नका; त्यावर खडूनें अथवा रंगानें रेघा ओढूं नका. त्याचें चित्र काढा, उंची मोजा, किती कप्पे आहेत व गाई आहेत कीं नाहींत तें वहींत लिहा, आणि गांवांतील वृद्धांस त्याची हकीकत विचारा. दगड उघड्यावर झिजत असेल, तर पुरातत्त्व खात्यास कळविण्याविषयीं वडील माणसांशीं बोला. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलांबरोबर आपणहि चार पावलें चालावें. आपल्या शेतांत आज जें पीक उभें आहे, त्या शेतासाठीं पूर्वीं कोणी धांवला होता कीं काय, तें मुलांना आपल्याच तोंडून कळावें.