एक्सप्लेनर : ३०० च्या वेगात रेसिंग कार रस्त्याला चिकटते, मग समृद्धीवर आपली कार हलकी का वाटते?

वाशीम : शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढलं की समोर सरळसोट रस्ता दिसतो. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या या मार्गावर कारसाठी ताशी १२० किमीची मर्यादा आहे. तरी काटा पुढे सरकतोच. 'फॉर्म्युला वनच्या गाड्या ३०० ने पळतात, मग आपल्या नव्या कारला १४० ने काय होणार?' हा प्रश्न मित्रांच्या गप्पांत हमखास निघतो. याचं उत्तर इंजिनापेक्षा हवेत जास्त आहे. समजून घेऊया.

वेग वाढला की कार हलकी का होते?

अवकाळी वादळात घरावरची टिनपत्रं उडताना आपण पाहिली आहेत. छतावरून वारा वेगाने जातो, तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. आपल्या बहुतेक गाड्याही वरून फुगीर आणि खालून सपाट असतात. वेग वाढला की त्यांनाही वर उचलणारा थोडा जोर मिळतो. कार उडत नाही, पण टायरवरचा भार कमी होतो. भार कमी झाला की पकडही कमी होते.

रेसिंग कार काय वेगळं करते?

एका सीटच्या रेसिंग कारला पुढे आणि मागे पंख असतात. ते विमानाच्या पंखांसारखेच, पण उलटे बसवलेले. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो. या दाबाला 'डाउनफोर्स' म्हणतात.

दुसरं काम गाडीचा तळ करतो. पाट अरुंद झाला की पाणी जोरात धावतं, तशीच तळ आणि रस्ता यांच्यातल्या फटीतून हवा जोरात धावते. तिथे दाब घटतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. 'लोटस' संघाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती गाजवली. २०२२ च्या नियमांनी ती फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणात आणली. भरधाव वेगात हा दाब गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो. म्हणूनच ती वळणावरही रस्ता सोडत नाही.

मग सगळे मोठेच पंख का लावत नाहीत?

कारण पंख हवेला अडवतो. जितका दाब हवा, तितका अडथळाही सोसावा लागतो. मोनॅकोच्या अरुंद, वळणांच्या रस्त्यावर संघ मोठे, उभट पंख लावतात. इटलीतल्या मोन्झाच्या लांब सरळ पट्ट्यांसाठी तेच पंख पातळ आणि आडवे होतात. २०२६ च्या नियमांनी यावर नवा तोडगा काढला आहे. पुढच्या आणि मागच्या पंखांच्या पट्ट्या सरळ रस्त्यावर उघडून अडथळा कमी करतात आणि वळणाआधी पुन्हा बंद होतात.

महिंद्राची गाडी वेगळी का?

मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघ २०१४ पासून, म्हणजे पहिल्या हंगामापासून, इलेक्ट्रिक गाड्यांच्या 'फॉर्म्युला ई' स्पर्धेत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही शर्यत हैदराबादच्या रस्त्यांवरही झाली. इथे सर्व संघांच्या गाड्यांचा बाहेरचा आकार सारखाच असतो. बॅटरीतली ऊर्जा मोजकी असल्याने फॉर्म्युला वनइतके मोठे पंख या गाड्यांना परवडत नाहीत. ड्रायव्हर अनेकदा मुद्दाम पुढच्या गाडीच्या आडोशाला राहतात. वारा पुढच्याने झेलायचा आणि बॅटरी आपली वाचवायची!

समृद्धीवर याचा अर्थ काय?

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ऐवजी १२० ने गेलात, तर वेग २० टक्के वाढतो, पण अडथळा ४४ टक्के. इंधनाचा काटा म्हणूनच झपाट्याने उतरतो. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही याच हिशेबाने ४४ टक्के वाढतं. १४० ला तर ते १०० च्या जवळपास दुप्पट होतं.

डिक्कीवर बाजारातला स्पॉयलर बसवला म्हणून गाडी रेसिंग कार होत नाही. बहुतेक वेळा तो फक्त शोभेचा असतो. टपावरचं रिकामं कॅरिअर मात्र अडथळा नक्की वाढवतं, काम नसेल तेव्हा काढून ठेवा. मोठ्या ट्रकला ओलांडताना गाडी ओढली किंवा ढकलली गेल्यासारखी वाटते, तोही हवेचाच खेळ. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि ट्रकपासून बाजूचं अंतर जास्त ठेवा.

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ३०० ला जातो, कारण त्याची गाडी वेगासोबत जास्त पकड मिळवते. आपली कार वेगासोबत थोडी पकड गमावते. गप्पांत पुन्हा १४० चा विषय निघाला, तर मित्रांना एवढं सांगा.